बुरुजावरची म्हातारी स्वतः का जात नाही?

मराठीतून टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायची गोष्ट, चालवणाऱ्या तमाम डीएम (डंजन मास्टर, खेळाचे सूत्रधार) मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

या पत्राला निमित्त माझी भाची. गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. रविवारची दुपार, कोथरूडच्या घरातलं जेवणाचं टेबल, त्यावर पसरलेला चौकटींचा नकाशा, पाच खेळाडू, आणि कॅम्पेनचं, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीचं, चौथं सेशन. मी मोठ्या तयारीने एक प्रसंग उभा केला होता. गावाबाहेर जुना बुरूज, बुरुजात राहणारी म्हातारी जादूगारीण, तिचं वय गावात कुणालाच ठाऊक नाही. तिने पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, बोलावून घेतलं आणि सांगितलं की डोंगरापलीकडच्या खाणीत काहीतरी जागं झालंय, माणसं नाहीशी होताहेत, तुम्ही जाऊन बघून या. तिची ताकद कळावी म्हणून मी तिला बोलता बोलता दोन बोटांनी वादळ थांबवायला लावलं होतं. ते वर्णन मी आदल्या रात्री तीनदा खोडून लिहिलं होतं.

भाची तेव्हा चौदा वर्षांची. तिचं कॅरेक्टर, म्हणजे पात्र, दुसऱ्या लेव्हलची विझार्ड, नवशिकी जादूगारीण. हिट पॉइंट, म्हणजे जीव टिकवणारे गुण, बारा. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मामा, मग ती स्वतःच का नाही जात?"

मी म्हणालो, "तिला दुसरी कामं आहेत."

"कसली?"

"महत्त्वाची."

तिने मान डोलावली आणि कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. सेशन संपल्यावर शीटं गोळा करताना मी ते वाचलं. ‘म्हातारी खोटं बोलते?’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पुढचे चार महिने ती पार्टी खाणीकडे कमी आणि बुरुजाकडेच जास्त फिरली. म्हातारी कुणाला तरी आतून सामील आहे, याचे पुरावे शोधत. पुरावे सापडणार कुठून? ती सामील नव्हतीच. तिच्या न जाण्याला मी कारणच दिलं नव्हतं, एवढंच. कॅम्पेन हळूहळू विरून गेलं. दिवाळीनंतर कुणी तारीखच विचारली नाही.

चूक खेळाडूंची नव्हती. जी बाई वादळ थांबवते ती बारा हिट पॉइंटच्या मुलीला खाणीत पाठवत असेल, तर तिच्यावर संशय घेणं हेच शहाणपणाचं. त्यानंतर जिथे जिथे पाहुणा खेळाडू म्हणून बसलो, तिथे ही अडचण मला पुन्हा पुन्हा दिसत राहिली. राजाच्या दरबारी असलेला महाजादूगार, मंदिरातली पुजारीण, डोंगरावरचा सोनेरी ड्रॅगन, सगळे पार्टीला कामावर पाठवतात आणि स्वतः बसून राहतात. का, ते कुणी सांगत नाही. खेळाडूंनी विचारलं की डीएम हसून विषय बदलतो.

माझी तुम्हा सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, विषय बदलू नका. बलाढ्य पात्र हात मागे घेतं तेव्हा त्या मागे घेतलेल्या हाताला कारण द्या, आणि त्या कारणाची किंमत टेबलावर सगळ्यांना दिसू द्या.

हा प्रश्न आपल्या खेळाइतकाच जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आलं, तेव्हापासून जगात पहिल्या लेव्हलचा हीरोही आहे आणि विसाव्या लेव्हलचा जादूगारही. दोघं एकाच नकाशावर राहतात. मोठ्या जादूगाराने एक स्पेल (मंत्र) टाकला तर धाकट्याची सगळी गोष्ट संपते. मग मोठा गप्प का?

याची सर्वांत प्रसिद्ध कसोटी म्हणजे एड ग्रीनवुड यांचं फरगॉटन रेल्म्स, डंजन्स अँड ड्रॅगन्सचं एक काल्पनिक जग. १९८७ मध्ये हे जग पेटीतून बाजारात आलं आणि त्यात शॅडोडेल नावाच्या लहानशा गावात राहणारा एल्मिन्स्टर होता. पांढरी दाढी, तोंडात चिलीम, आणि जादू अशी की राज्यं हादरावीत. वर त्याच्याच बरोबरीचे आणखी कितीतरी. नवीन माणूस ते पुस्तक चाळतो आणि म्हणतो, या जगात माझ्या हीरोची गरजच काय? मीही म्हणालो होतो.

पण नीट वाचलं तर उत्तरं तिथेच पेरलेली आहेत. एल्मिन्स्टर मिस्ट्रा या जादूच्या देवतेचा निवडलेला सेवक आहे. त्याची ताकद त्याच्या एकट्याची नाही, ती देवतेच्या कामाला बांधलेली आहे. शिवाय पलीकडेही तेवढेच ताकदवान बसलेत. थे नावाच्या देशावर राज्य करणारा साझ टॅम आहे, झेंटारिम या गुप्त संघटनेचा मॅन्शून आहे. एक हलला की दुसरा हलतो, आणि दोन असे जादूगार समोरासमोर आले की मधलं गाव राहत नाही.

त्याहून खोलवर आहे ती कार्ससची कथा. माझ्या मते त्या सगळ्या जगातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि तीच डीएम लोक सांगायची विसरतात. नेथरिल नावाचं साम्राज्य होतं. त्याची शहरं आकाशात तरंगायची. डोंगराचे माथे कापून, उलटे करून, त्यावर वसवलेली शहरं. राज्यावर संकट आलं तेव्हा कार्सस नावाच्या महाजादूगाराने देवाची शक्ती हिसकावून घेण्याचा मंत्र रचला, आणि नेमकी जादूच्या देवतेचीच शक्ती घेतली. त्या काळी तिचं नाव मिस्ट्रिल. जादूचं सगळं जाळं सांभाळणं हे तिचं क्षणोक्षणीचं काम, आणि ते माणसाच्या हातून होण्यासारखं नव्हतं. जाळं फाटू लागलं. ते वाचवायला मिस्ट्रिलने स्वतःचा बळी दिला, आणि तेवढ्या वेळापुरती जगातली जादू बंद पडली. आकाशातली शहरं कोसळली. नव्या रूपात परतलेली मिस्ट्रा त्यांतली जेमतेम तीन वाचवू शकली. तिने मग सर्वांत मोठे मंत्र मर्त्य माणसांना कायमचे बंद केले.

ज्याने हे ऐकलंय, त्याला एल्मिन्स्टर का थांबतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हेतू कार्ससचाही वाईट नव्हता. त्याला आपलं राज्य वाचवायचं होतं. म्हणून म्हणतो, तुमच्या होमब्रू, म्हणजे स्वतः रचलेल्या, जगातही असा एक कार्सस असू द्या. त्याची पडलेली शहरं पार्टीच्या वाटेत येऊ द्या. उलट्या डोंगराच्या ढिगाऱ्यात रात्रीचा मुक्काम पडला, तिथे एखाद्या घराचा उंबरठा सापडला, की काम झालं.

आता नियमांबद्दल थोडं, कारण संयमाचं ओझं एकेकाळी नियमच उचलायचे. विश या स्पेलचंच बघा, ज्याने हवं ते मागता येतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत विश टाकला की जादूगाराचं वय एका दमात पाच वर्षांनी वाढायचं. हेस्ट हा वेग वाढवणारा मंत्र ज्याच्यावर टाकाल त्याचंही एक वर्ष जायचं. साठीच्या जादूगाराने आयुष्यात किती विश टाकावेत, याचा हिशेब बोटांवर व्हायचा. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती किंमत ५,००० एक्स्पीरियन्स पॉइंटची, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवगुणांची, झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत विशने दुसऱ्या एखाद्या स्पेलची नक्कल केली तर काहीच लागत नाही. त्यापलीकडे काही मागितलं तर अंगच्या ताकदीचा आकडा काही दिवस ३ वर, म्हणजे अगदी तळाला, येतो, आणि तो जादूगार पुन्हा कधीच विश टाकू शकणार नाही अशी ३३ टक्के शक्यता. ही शेवटची किंमत मला फार आवडते. टाकण्याआधी हात थरथरावा अशीच ती आहे. पण खेळाडूंनी त्यातूनही सिम्युलॅक्रमची पळवाट काढली, बर्फाचा जुळा बनवायचा आणि विश त्याच्याकडून टाकून घ्यायचा. ज्या टेबलावर ही पळवाट चालते, तिथे म्हाताऱ्या जादूगारांना घरी बसायला काही कारणच उरत नाही. तुमच्या टेबलावर ती चालते का, हे पहिल्याच सेशनला ठरवा.

कीथ बेकर यांच्या एबेरॉन या दुसऱ्या काल्पनिक जगाने हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला, आणि मला तो मार्ग अतिशय सुंदर वाटतो. २००४ च्या त्या पुस्तकात बलाढ्य माणसं मुळातच मोजकी, आणि जी आहेत ती जागेला बांधलेली. थ्रेन देशाच्या धर्माची प्रमुख जेला डारान ही ११ वर्षांची मुलगी आहे. फ्लेमकीपमध्ये, पवित्र ज्वालेच्या सान्निध्यात, ती १८ व्या लेव्हलची क्लेरिक, म्हणजे श्रद्धेच्या बळावर जादू करणारी. तिथून बाहेर पडली की तिसऱ्या लेव्हलची. तुमच्या पार्टीतल्या कुणापेक्षाही जास्त नाही. एल्डीन रीचेसमधला महान ड्रुइड (निसर्गाच्या जादूचा जाणकार) ओलियन २० व्या लेव्हलचा आहे, पण तो एक झाड आहे. बोलणारा, विचार करणारा, प्रचंड पाइन वृक्ष. तो कुठे जाणार? ज्याला मदत हवी त्याने जंगल तुडवत त्याच्या बुंध्याशी जावं, सल्ला घ्यावा आणि पुढचं आपल्या पायांनी करावं.

त्याच जगात अख्खी राष्ट्रंही हात आवरून बसली आहेत. जवळजवळ शंभर वर्षं पाच राज्यं एकमेकांशी लढत होती. मग त्या जगाच्या पंचांगातल्या ९९४ साली एका दिवसात सायर हे अख्खं राज्य नष्ट झालं. आत शिरलेलं माणूस सहसा परतत नाही, असं राखाडी धुकं उरलं. कुणी केलं? शत्रूच्या अस्त्राने झालं, की सायरच्याच एखाद्या प्रयोगाने? कुणालाच माहीत नाही. दोन वर्षांनी थ्रोनहोल्डचा तह झाला आणि युद्ध थांबलं. कुणाचं मन पालटलं म्हणून ते थांबलेलं नाही. पुढच्या लढाईत आपल्याच हातून दुसरं सायर होईल, या भीतीने प्रत्येक सेनापती तलवार म्यानात ठेवून बसलाय. बेकर यांनी या प्रकारामागचं कारण ठरवलेलंच नाही, ते प्रत्येक डीएमवर सोडलंय. उद्या कुणाला खरं कारण सापडलं, तर ही भीती संपेल आणि शांतताही संपेल. अशा जगात एखाद्या म्हाताऱ्या जादूगाराने "मी हा मंत्र टाकणार नाही" म्हटलं, तर त्यावर खेळाडू नुसते मान डोलावत नाहीत. त्यांच्या पोटात गोळा येतो.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कुणाला लागली तरी चालेल. ‘त्यांनी स्वतः केलं तर तुम्ही शिकणार कसं’ हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. कितीतरी डीएम हे उत्तर देतात. गावातली माणसं मरताहेत आणि महाजादूगार खिडकीतून बघतोय, का, तर तरुणांना अनुभव मिळावा. असा माणूस शहाणा नव्हे, क्रूर आहे. तो तुम्हाला तसाच दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, पण मग खेळाडूंनी त्याचा द्वेष केला तर वाईट वाटून घेऊ नका.

आर्स मॅजिका तुमच्यापैकी थोड्यांनीच खेळलं असेल. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांनी १९८७ मध्ये केलेला खेळ. तेराव्या शतकातला युरोप, आणि त्यात ऑर्डर ऑफ हर्मीस ही जादूगारांची संघटना. शपथ घेतलेली असते की सामान्यांच्या कारभारात ढवळाढवळ करून बांधवांवर संकट आणणार नाही, सैतानाशी व्यवहार करणार नाही. शपथ गंभीरपणे मोडली तर बाकीचे जादूगार मिळून तुमच्यावर चालून येतात. शिवाय ज्याच्या अंगी जादू आहे त्याच्याकडे बघून साध्या माणसांच्या मनात आपोआप अविश्वास उभा राहतो, घोडे बिथरतात, कुत्री भुंकतात. बाजारात जाऊन दोन शब्द बोलायचे म्हटले तरी पंचाईत.

पण त्यातलं खरं कुलूप म्हणजे वेळ. त्या खेळात वर्ष चार ऋतूंचं, आणि जादूगाराचं सगळं मोठं काम ऋतूंत मोजलं जातं. नवा मंत्र शोधायचा, एक ऋतू. ग्रंथ वाचून काढायचा, एक ऋतू. म्हातारपण लांबवणारं औषध करायचं, एक ऋतू. मध्येच बाहेर भटकायला गेलात तर काम मागे पडतं. आणि तिथे प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार असतो, एक साथीदार असतो, आणि ग्रॉग म्हणतात ते पहारेकरी, शिपाई सगळ्यांचे मिळून असतात. आज कुणी कोण व्हायचं, ते बसल्यावर ठरतं.

आम्ही तो खेळ एक पावसाळाभर खेळलो. तिसऱ्या बैठकीला खालच्या खेड्यातून निरोप आला की नदीकाठी काहीतरी लहान मुलांना हाका मारतंय. आमच्यातल्या एका मित्राचा जादूगार पाण्याच्या विद्येत सर्वांत तरबेज. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं औषध अर्ध्यावर आलं होतं. तो थोडा वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला, "मी नाही जात. माझा ऋतू वाया जाईल." मग त्यानेच टेबलावरचं ग्रॉगचं शीट उचललं, एका भालाईत शिपायाचं, बायको आणि दोन मुलं असलेल्या, आणि त्या शिपायाला घेऊन तो नदीकडे निघाला. दोन तासांनी तो शिपाई पाण्यात गेला, तो वर आला नाही. फासे टाकणारा हात मित्राचाच होता. औषध तयार झालं. पुढच्या बैठकीला त्या मित्राने न सांगता एक ऋतू पाण्यात घातला, विधवेच्या घरचं छप्पर शाकारून दिलं आणि थोरल्या पोराला अक्षरं शिकवली. मी डीएम म्हणून काहीच सुचवलं नव्हतं.

त्या दिवशी मला बुरुजावरची म्हातारी समजली. जो बसून राहतो त्यालाही हिशेब द्यावा लागतो. कुणाच्या जिवावर बसून राहिलो, हे त्याला रोज दिसत असतं.

बाकीच्या खेळांचं थोडक्यात सांगतो. १९९१ च्या व्हॅम्पायर: द मास्करेडमध्ये रक्तपिपासूंना माणसांपासून लपून राहावंच लागतं, कारण माणसं संख्येने भारी. आणि प्रत्येक अघोरी कृत्याने माणुसकीचा आकडा घसरू शकतो. तो शून्यावर आला की कॅरेक्टर तुमच्या हातातून जातं. त्याच वर्षीच्या डार्क सनमध्ये जादूची शक्ती झाडापाल्यातून येते. घाईने ओढली तर पायाखालची जमीन राख होते. जपून ओढली तर गवत वाचतं, पण असा जादूगार लेव्हल चढतो ते सावकाश. त्या जगाचं वाळवंट झालंय ते घाई करणाऱ्यांमुळे. दुष्काळी भागातल्या कुणालाही ते एका वाक्यात समजतं. माझ्या टेबलावर माणदेशातला एक जण आहे, त्याला मी डार्क सनचे नियम सांगत होतो तर त्यानेच ते मला पुढे सांगायला सुरुवात केली. आणि ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या पेंड्रॅगनमध्ये संयम स्वभावातच लिहिलेला असतो. दया आणि क्रौर्य यांची जोडी, दोन्हींची बेरीज २०. दया १६ वर गेली की शरण आलेल्यावर वार करण्याआधी फासा टाकावा लागतो. खेळाडूला मारायचं असतं, आणि त्याचाच सरदार त्याला मारू देत नाही.

आपल्या खेळाडूंच्या बाबतीत मराठी डीएमच्या हाती एक जादाची पुंजी आहे, आणि ती आपण वापरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला बलाढ्याचा संयम शिकवावा लागत नाही. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती होती, एकदाच वापरता येणारी. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली, आणि रात्रीच्या युद्धात घटोत्कच सैन्य चिरडू लागला तेव्हा त्याच्यावर सोडावी लागली. कर्ण आधी का थांबला होता, असं कीर्तनाला बसलेल्या आजीलाही विचारावंसं वाटत नाही. युद्धाच्या अखेरीस अश्वत्थामा आणि अर्जुन दोघांनीही ब्रह्मास्त्र सोडलं. परत घ्या म्हटल्यावर अर्जुनाने घेतलं, अश्वत्थाम्याला घेताच येईना. सोडता येणं आणि आवरता येणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्या एका प्रसंगात आलं.

आणि श्रीकृष्ण. शस्त्र धरणार नाही असं सांगून सारथी झालेला. अठरा दिवसांत लोकांच्या ध्यानात सर्वांत जास्त काय राहिलं? भीष्मांच्या बाणांनी अर्जुन हतबल झाला तेव्हा कृष्ण रथातून उडी टाकून धावला तो क्षण. प्रतिज्ञा तुटते की काय असं झालं आणि अर्जुनाने पाय धरून त्याला थांबवलं. मला वाटतं इथे आपल्या कामाची गोष्ट आहे. नुसता शांत बसलेला महापुरुष खेळाडूंना खोटा वाटतो. त्याला एकदा तरी जागचं उठू द्या. तो दारापर्यंत येऊ दे, हात कडीवर जाऊ दे. कुणीतरी त्याला अडवू दे. मग तो परत जाऊन बसला, तर टेबलावरचा प्रत्येक जण ते विसरणार नाही.

काही अनुभवी डीएम म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, जगात मोठं कुणी ठेवूच नये. लहान कॅम्पेनला ते चालतं, मीही वन-शॉटला, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळाला, तसंच करतो. पण लांब चालणाऱ्या कॅम्पेनमध्ये खेळाडू एक दिवस स्वतःच मोठे होतात. तोवर त्यांनी एकही मोठं माणूस जवळून पाहिलेलं नसेल, तर त्या ताकदीचं करायचं काय हे त्यांना कोण दाखवणार?

म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ती म्हातारी पुन्हा आणली. तोच बुरूज, तीच भाची, बाकी खेळाडू निम्मे नवे. या वेळी आधी कारण ठरवलं, मग वादळ. बुरुजाच्या तळाशी विहीर आहे. विहिरीत जे आहे ते म्हातारीच्या आवाजाने झोपतं. ती दर रात्री विहिरीच्या काठावर बसून बोलते, गावातल्या दिवसभराच्या गोष्टी सांगते, आणि खालचं ते ऐकत राहतं. एक रात्र चुकली तर ते कूस बदलतं. हे मी पार्टीला सांगितलं नाही. भाचीने अर्थात पहिल्याच भेटीत विचारलं, "आजी, तुम्ही का नाही जात?" म्हातारी म्हणाली, "चल, दाखवते." आणि मी त्यांना एकेक पायरी करत खाली नेलं. एकशे अकरा पायऱ्या. काठावर घोंगडी, पाण्याचा तांब्या, आणि दगडात तिच्या बसण्याने पडलेली खोलगट जागा. मी तेवढंच वर्णन केलं आणि थांबलो. कुणी काही बोललं नाही. मग एका नव्या मुलाने विचारलं, "तुम्ही आजारी पडलात तर?" म्हातारी म्हणाली, "तोच तर प्रश्न आहे, बाळा."

पार्टी खाणीकडे गेली. सहाव्या सेशनला सगळे मरणाच्या दारात होते आणि त्यांनी तिला निरोप धाडला. ती आली. मी खेळाडूंच्या चेहऱ्यांकडे बघत होतो, कुणालाच आनंद झाला नाही. तिने एका स्पेलमध्ये खाण मोकळी केली आणि कुणाशी न बोलता परत फिरली. ते गावात पोहोचले तेव्हा विहिरीकडच्या आळीतली सात घरं खचली होती. त्या घरांतल्या माणसांची नावं पार्टीला माहीत होती, कारण आदल्या महिन्यात त्यांनीच त्या आळीत मुक्काम केला होता. भाचीने शीट उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ती नावं एकाखाली एक लिहून काढली. त्यानंतर पार्टीने म्हातारीला पुन्हा कधी बोलावलं नाही. परतीच्या वाटेवर मात्र प्रत्येक वेळी तिच्यासाठी काहीतरी घेऊन जायचे, गूळ, लोकर, एकदा एक बोलका पोपट, तिला विहिरीवर सोबत व्हावी म्हणून.

कॅम्पेन अजून चालू आहे. भाची आता कॉलेजात आहे, सुट्टीला आली की आम्ही बसतो. गेल्या उन्हाळ्यात तिची विझार्ड १७ व्या लेव्हलला पोहोचली आणि शीटवर नवव्या लेव्हलचा पहिला स्पेल स्लॉट, म्हणजे सर्वांत मोठा मंत्र टाकायची जागा, आला. तिने विश घेतला. म्हातारी त्याच्या आधीच गेली होती, झोपेत, विहिरीच्या काठावर. भाचीची विझार्ड आता बुरुजात राहते. हे मी ठरवलेलं नाही. म्हातारी गेली त्या रात्री ती म्हणाली, "मी खाली जाऊन बसते," आणि गावात त्या दिवशी काय काय झालं ते अर्धा तास विहिरीला सांगत राहिली. बाकीच्या चौघांनी फासे बाजूला ठेवून ऐकलं.

मागच्या सेशनला मी उत्तरेकडच्या एका खेड्याचा पाटील बुरुजाच्या दारात आणून उभा केला. पाय फुटलेले, अंगावर चिखल, गाव पुराच्या तोंडाशी. पाटील म्हणाला, "बाई, तुमच्या एका शब्दाने नदी मागे जाईल असं ऐकलंय. तुम्ही स्वतः चला."

भाचीने पेन्सिल खाली ठेवली. शीटवरचा तो एक मोकळा स्लॉट ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाटील, आधी आत या. एकशे अकरा पायऱ्या आहेत, जपून उतरा."

तिथे रात्रीचे साडेदहा वाजले आणि आम्ही थांबलो. पुढचं सेशन गणपतीच्या सुट्टीत आहे. पूर अजून चढतोच आहे.

आपला,
कोथरूडचा एक डीएम